फॉक्सप्रो उतरवून घ्यायचं की नव्यानं लिहायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सहकारी साखर कारखान्याचा ईडीपी, म्हणजे संगणक विभाग. १९९५ च्या सुमारास फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेसच्या भाषेत सुरू झालेली प्रणाली, पुढे तिचा काही भाग व्हिज्युअल फॉक्सप्रोत आला. ऊस नोंद, तोडणी-वाहतूक, काटा, ऊस बिल, सभासद, ठेवी, स्टोअर, पगार सगळं तिच्यावरच. दीड लाखाच्या आसपास ओळी, आणि ज्या दोघांनी त्या लिहिल्या ते निवृत्त. आता एक पुरवठादार म्हणतो, आमच्या टूलनं चार महिन्यांत सगळं जसंच्या तसं सी शार्प या आजच्या भाषेत उतरवून देतो. दुसरा म्हणतो, हे भंगार आहे, दीड वर्षात सगळं नवं लिहून देतो. संचालक मंडळापुढे टिपणी ठेवायची आहे, तर कुणाचं ऐकायचं?

दोघंही आपापल्या दुकानात जे आहे तेच विकताहेत, त्यात त्यांची चूक नाही. मी सव्वीस वर्षं हेच काम करतोय. आधी फॉक्सप्रोत लिहिणारा होतो, आता फॉक्सप्रोतून बाहेर काढणारा आहे. उतरवूनही बघितलंय, नव्यानं लिहूनही बघितलंय, आणि दोन्हींत एकेकदा तोंडघशी पडलोय. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात ठोकर खाऊन आलेलं शहाणपण जास्त आहे.

भाषा कोणती हा प्रश्न मी शेवटी विचारतो. आधी मी ऊस बिलाचा एक कागद घेतो, कुठल्याही शेतकऱ्याचा, आणि मुख्य लेखापालांच्या टेबलावर ठेवून विचारतो: हा आकडा बरोबर आहे हे तुम्ही कशावरून सांगाल? ते परिपत्रक काढून, कॅल्क्युलेटर घेऊन दाखवत असतील, तर तो नियम कोडाच्या बाहेर जिवंत आहे. पण "प्रोग्रॅममधून आलंय म्हणजे बरोबरच असणार, आजवर कुणाची तक्रार नाही" असं उत्तर आलं, तर तो नियम फक्त कोडात उरलाय. ज्याचा नियम माणसाकडे किंवा कागदावर आहे ते नव्यानं लिहा. ज्याचा नियम फक्त कोडात आहे ते चुकांसकट, जसंच्या तसं उतरवा. हे अख्ख्या प्रणालीबद्दल एकदम ठरत नाही, एकेका भागाबद्दल ठरतं. म्हणून तुमच्या दोन्ही पुरवठादारांचं "सगळं" मला पटत नाही.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. एका कारखान्यात आम्ही वाहतूक बिलाचा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. जुन्या कोडात एक विचित्र अट होती: सहा गावांचे कोड, आणि त्यांच्या अंतरात सरळ नऊ किलोमीटरची भर. शेजारी कॉमेंट नाही, तारीख नाही. शेतकी विभागाला विचारलं, कुणाला माहीत नाही. नकाशावर अंतर मोजलं तर भर न घालता येणारं अंतरच बरोबर दिसत होतं. आमच्या पोरांनी "डेड कोड" म्हणून ती अट काढून टाकली आणि मीही मान डोलावली. डिसेंबरात पहिलं वाहतूक बिल निघालं आणि दुसऱ्या दिवशी गेटवर त्या सहा गावांचे ट्रॅक्टरवाले आणि दोन मुकादम उभे. झालं होतं असं की, बऱ्याच वर्षांपूर्वी ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता, गाड्या वळसा घालून येत होत्या, आणि मंडळानं त्या गावांना जादा अंतर मंजूर केलं होतं. पूल नंतर बांधला गेला. पण ट्रॉली भरून त्या पुलावरून कुणी नेत नव्हतं, वळण अवघड होतं. म्हणजे अट खरीच होती. फक्त ती माहिती ठरावाच्या वहीत एका ओळीत, निवृत्त शेतकी अधिकाऱ्याच्या डोक्यात आणि त्या कोडात, इतकीच उरली होती. फरकाची रक्कम आम्हाला पुरवणी बिलानं द्यावी लागली आणि त्या हंगामात माझं तोंड कुणी बघायला तयार नव्हतं.

तेव्हापासून माझा शिरस्ता हा: कळत नाही ते आधी उतरवायचं, मग विचारायचं, आणि काढायचंच असेल तर कारखान्याच्या सहीनं काढायचं. प्रोग्रॅमरनं स्वतःच्या अकलेनं काढायचं नाही.

म्हणून टूलवाल्याला होकार द्या, असंही मी म्हणत नाही. "जसंच्या तसं" हे बोलायला सोपं आहे. फॉक्सप्रोच्या अंगात काही सवयी आहेत त्या कोडाच्या ओळीत दिसत नाहीत, त्या सेटिंगमध्ये असतात. ओळ न ओळ उतरली तरी ती सवय मागेच राहते.

सगळ्यात जास्त मला छळलंय ते सेट एक्झॅक्ट ऑफनं. हे सेटिंग ऑफ असताना फॉक्सप्रो दोन शब्दांची तुलना करताना उजवीकडचा शब्द संपला की थांबतो. म्हणजे डावीकडे "१२१" आणि उजवीकडे "१२" असेल तर तो म्हणतो, सारखे आहेत. सी शार्प किंवा जावा म्हणेल, नाहीत. आता कपातीच्या प्रोग्रॅममध्ये विकास सोसायटीचा कोड १२ आणि तिच्या शाखा १२१, १२२ असे कोड कुणीतरी मुद्दाम दिलेले असतात, आणि "सोसायटी = १२" एवढ्या एका ओळीत मुख्य आणि शाखा सगळ्यांची वसुली गोळा होते. उतरवल्यावर शाखा गळतात. कुठेही एरर येत नाही, प्रोग्रॅम गुमान चालतो, फक्त सोसायटीला जाणारा चेक कमी रकमेचा निघतो. उलटंही होतं: एखाद्या ठिकाणी हीच सवय वर्षानुवर्षं चूक करत असते आणि ती चूक लोकांनी गृहीत धरून हातानं दुरुस्त करण्याची पद्धत बसवलेली असते. तुम्ही ती नीट केलीत की दुरुस्ती दुप्पट होते.

दुसरं राउंडिंग. हे तुम्ही स्वतः करून बघा. परतीची ठेव ३,६५० रुपये, व्याज दसादशे ५, १ जानेवारी ते ३० जून म्हणजे १८१ दिवस. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६,५००. उत्तर बरोबर ९० रुपये ५० पैसे. रुपयात पूर्ण केलं की फॉक्सप्रोचं राउंड ९१ देतं. सी शार्पचं मॅथ डॉट राउंड, वेगळं काही सांगितलं नाही तर, ९० देतं, कारण बरोबर अर्ध्यावर आलं की ते जवळच्या सम संख्येकडे जातं. पायथॉनही ९० च देतो. जावाचं ९१ येतं, पण उलट नोंद करायची म्हणून उणे ९०.५० दिलंत तर ते उणे ९० देतं, म्हणजे जमा ९१ आणि वजा ९०. एका सभासदाचा एक रुपया कुणी मोजत नाही. पण हजारो सभासदांच्या ठेवींची यादी आणि खतावणीतली बाकी जुळेना झाली की लेखापरीक्षक एक रुपयाही सोडत नाहीत. आणि तो फरक शोधण्यात दोन माणसांचा महिना जातो, हे मी केलंय.

आणखी एक, पुसलेल्या नोंदींचं. फॉक्सप्रोत डिलीट केलं म्हणजे नोंद जात नाही, तिच्या पहिल्या बाइटवर फुली पडते आणि पॅक (पुसलेल्या नोंदी कायमच्या काढणारी आज्ञा) करेपर्यंत ती तिथेच पडून असते. डेटा नव्या डेटाबेसमध्ये नेणाऱ्यानं ती फुली वाचली नाही तर वीस वर्षांपूर्वी कमी केलेले सभासद उठून उभे राहतात. सहकारी संस्थेत मतदार यादीत मयत सभासद परत आले तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. रिकामी तारीख हीसुद्धा अशीच. फॉक्सप्रोला तारीख मोकळी चालते, एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसला मोकळी अक्षरं दिलीत तर तो गुपचूप १ जानेवारी १९०० लावतो. मग थकबाकीच्या यादीत शंभरावर वर्षं जुनी उधारी दिसते आणि अध्यक्ष विचारतात, ही कुणाच्या आजोबांची?

टूल हे सगळं सांभाळू शकतं, नाही असं नाही. पण कसं सांभाळतं ते बघा. बहुतेक टूलं फॉक्सप्रोचं वागणं नकल करणारी एक लायब्ररी सोबत देतात आणि तुमचा कोड त्या लायब्ररीवर उभा करतात. वर्क एरिया, सीक, स्किप, स्कॅटर-गॅदर या फॉक्सप्रोच्या रीती सगळ्या तशाच, फक्त सी शार्पच्या कपड्यात. कोबॉलमधून जावात असं उतरवलेल्या कोडाला आमच्या धंद्यात "जोबॉल" म्हणतात: जावावाल्याला वाचता येत नाही आणि कोबॉलवाल्याला ओळखता येत नाही. तुमच्याकडे नवा पोरगा नोकरीला आला तर त्याला सी शार्प येत असूनही हा कोड कळणार नाही, आणि ती लायब्ररी ज्याची आहे त्याच्या दारात तुम्ही कायमचे बांधलेले. म्हणून उतरवणं हे मी मुक्कामाचं ठिकाण मानत नाही. ते मधलं स्टेशन. बरोबर आकडा देणारा कोड नव्या जागी आला, की मग निवांतपणे एकेक खोली आवरायची.

याची मोठी उदाहरणं आहेत. गो भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, मुळात सी मध्ये होता. २०१५ साली १.५ आवृत्तीत तो प्रोग्रॅमनं यांत्रिकपणे गो मध्ये उतरवला गेला. कंपायलर त्या आवृत्तीत चांगलाच मंदावला, पण बरोबर चालत राहिला, आणि वेग पुढच्या आवृत्त्यांत परत आला. २०२५ च्या मार्चमध्ये टाइपस्क्रिप्ट या भाषेच्या लोकांनीही आपला कंपायलर गो मध्ये नेत असल्याचं जाहीर केलं आणि हे पोर्टिंग, म्हणजे उतरवणं आहे, नव्यानं लिहिणं नाही, हे आवर्जून सांगितलं. त्यांच्याकडे हजारो चाचण्या आधीपासून लिहिलेल्या होत्या. ते तुमच्याकडे नाही, त्यावर पुढे येतो. याउलट नेटस्केप. १९९८ मध्ये त्यांनी जुना ब्राउझर बाजूला ठेवून इंजिन नव्यानं लिहायचं ठरवलं. चारनंतर थेट सहावी आवृत्ती आली ती २००० च्या नोव्हेंबरात, तोवर बाजार हातचा गेला होता. तुम्हाला बाजार नाही, पण हंगाम आहे. दीड वर्ष नवं लिहीत बसलात तर त्यात किमान एक गाळप हंगाम जातो. त्या हंगामात मंडळ नवी कपात लावणार, वाहतुकीचे दर बदलणार, ते जुन्यात करावंच लागणार, आणि नवं लिहिणाऱ्याला मागून पुन्हा तेच करावं लागणार. धावत्या गाडीमागे पळण्यासारखं आहे ते.

मग नव्यानं काय लिहायचं? ज्याचा नियम बाहेर आहे ते. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, बघा. २०२४-२५ हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२, २०२५-२६ ला ३५५ आणि ३.४६. चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज, हे ऊस नियंत्रण आदेशात आहे. एफआरपी किती हप्त्यांत द्यायची यावर २०२२ मध्ये राज्य सरकारनं एक आदेश काढला आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. हे सगळं कागदावर आहे, तुमच्या लेखापालांना पाठ आहे, आणि दरवर्षी बदलतं. जुन्या कोडात हे बहुतेक वेळा आकडे थेट ओळीत टाकून, वर्षागणिक नवी इफ लावून केलेलं असतं. तो कोड उतरवणं म्हणजे ढीग एका घरातून दुसऱ्या घरात नेणं. जीएसटी, टीडीएस, प्रॉव्हिडंट फंड यांचंही तसंच. हे कोऱ्या कागदावरून लिहा, दर आणि तारखा टेबलमध्ये ठेवा.

आणि काही भाग ना उतरवायचा, ना लिहायचा. तुमच्या दीड लाख ओळींत लेव्ही साखरेचा, म्हणजे सरकारला ठरल्या दरानं द्याव्या लागणाऱ्या साखरेचा हिशेब नक्की असेल. लेव्ही २०१३ मध्ये गेली. साखरेच्या केंद्रीय अबकारीची रजिस्टरं असतील. ती १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद पडली. २००९ पूर्वीचा एसएमपी, म्हणजे एफआरपीच्या आधीचा उसाचा किमान भाव असेल. टूलवाला दर ओळीमागे पैसे लावत असेल तर या मेलेल्या ओळींचेही लावणार. त्यामुळे कुठलाही करार करण्याआधी एक हंगामभर प्रत्येक पीआरजी फाइलच्या (फॉक्सप्रोचा मूळ कोड जिच्यात असतो ती) तोंडाशी एक ओळ टाका: फाइलचं नाव, तारीख, वेळ एका लॉगमध्ये लिही. एवढंच. हंगाम संपल्यावर जी नावं लॉगमध्ये आलीच नाहीत ती वेगळी काढा. मात्र त्यांत वर्षातून एकदाच चालणारे प्रोग्रॅम असतात, लाभांश, निवडणूक यादी वगैरे, म्हणून लगेच पुसू नका. तरी ढिगारा बराच कमी होतो.

उत्तरपत्रिकेबद्दल. टाइपस्क्रिप्टवाल्यांकडे चाचण्या होत्या. तुमच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे संपलेले हंगाम. हंगाम सुरू होतानाचा पूर्ण बॅकअप घ्या, त्या हंगामाच्या सगळ्या स्लिपा, कपाती, ॲडव्हान्स घ्या, आणि जुन्या प्रोग्रॅमनं काढलेली प्रत्येक पंधरवड्याची बिलं फाइलमध्ये घ्या, छापलेली नकोत. ही तुमची उत्तरपत्रिका. नवा प्रोग्रॅम, मग तो उतरवलेला असो की नव्यानं लिहिलेला, हाच हंगाम पुन्हा चालवेल आणि शेतकरीनिहाय, कपातनिहाय, पैशापर्यंत फरक काढेल. "एकूण जुळलं" हे चालत नाही, एकूण जुळण्यात दोन चुका एकमेकींना झाकतात. फरक आला की तीनच कारणं असतात: नवं चुकलं, जुनं चुकत होतं, किंवा मधे कुणीतरी ब्राउज, म्हणजे टेबल थेट दाखवणारी खिडकी, उघडून हातानं आकडा बदलला होता. हे तिसरं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त निघेल, आणि त्यावर टिपणी लिहिताना शब्द जपून वापरा. मी माझ्या अंदाजपत्रकात कोड लिहिण्याला जितके दिवस धरतो तितकेच या पडताळणीला धरतो. ज्या पुरवठादाराच्या पत्रकात ही ओळच नाही, त्यानं हे काम कधी केलेलं नाही असं समजा.

थोडं थांबून सांगतो, कारण बरंच बोललो. मेलेलं बाजूला, बाहेर नियम असलेलं नव्यानं, फक्त कोडात उरलेलं जसंच्या तसं, आणि या सगळ्यावर जुन्या हंगामाची उत्तरपत्रिका. इथपर्यंत हिशेबाचा भाग झाला. आता दोन गोष्टी ज्या हिशेबात येत नाहीत.

पहिली, काटा. रात्री दोन वाजता तुमच्या काट्यावर जाऊन उभे राहा. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आत एक क्लार्क. त्याचा हात अंकांच्या कळांवरून हलत नाही. स्लिप नंबर, एंटर, वाहन, एंटर, वजन येतं, एफ १०, डॉट मॅट्रिक्स खरखरतो, पुढची गाडी. त्याला काळा पडदा दिसतो आणि तुम्हाला तो जुनाट वाटतो. एका ठिकाणी आम्ही त्याऐवजी छान रंगीत वेबपेज दिलं, माउसनं यादीतून गाव निवडायचं. एका गाडीमागे काही सेकंद वाढले. काही सेकंद म्हणजे पहाटेपर्यंत रांग हायवेला लागली. त्यात नेट गेलं ते वेगळंच. काट्याचा पडदा नव्यानं लिहा हवं तर, पण कळांचा क्रम तोच ठेवा, माउस काढून ठेवा, आणि नेट गेलं तरी काटा स्वतःच्या बळावर चाललाच पाहिजे. हा नियमही कुठे लिहिलेला नाही. तो त्या क्लार्कच्या बोटांत आहे.

दुसरी, मराठी नावं. कोडापेक्षा याला जास्त वेळ लागतो आणि दोन्ही पुरवठादार याबद्दल गप्प असतील. तुमच्या डीबीएफमध्ये, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाइलींत, मराठी कशात साठवलंय ते आधी तपासा. संगणकात मराठीसाठी बसवायच्या जिस्ट कार्डाच्या काळातलं इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची जुनी प्रमाण संकेतपद्धत, असेल तर नशीबवान आहात, युनिकोडची देवनागरी इस्कीवरच बेतलेली आहे, उतरवणं बरंच सरळ जातं. पण फॉन्टच्या आकारांचे कोड साठवले असतील, तर तिथे अक्षरं नाहीत, चित्रांचे तुकडे आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसलेली, रफार अक्षरानंतर. 'शिर्के' मध्ये दोन्ही आहेत, वेलांटी उचलून अक्षरानंतर न्यायची, रफार अक्षराच्या आधी आणायचा. त्यामुळे अशा डेटात शिंदे, पिसाळ, चिखले सगळे वेलांटीपाशी एकत्र येऊन बसतात आणि यादी तशीच वर्षानुवर्षं छापली गेलेली असते. नव्यात यादीचा क्रम बदलणार, लोक विचारणार. तो बरोबर बदलायला हवा: नुसत्या युनिकोडच्या क्रमानं काळे आधी आणि कावळे नंतर येतो, कारण तिथे ळ ल च्या लगेच मागे आहे, आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर, म्हणून कावळे आधी. डेटाबेसला मराठी क्रमवारी मुद्दाम सांगावी लागते. आणि 'कऱ्हाड' शोधून बघा. त्यातला ऱ् दोन तऱ्हांनी लिहिला जातो, डोळ्यांना सारखाच दिसतो, यंत्राला वेगळा. एक तऱ्हा ठरवून सगळा डेटा तिच्यावर आणला नाही तर अर्धे सभासद शोधात सापडत नाहीत.

आता ज्या गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत त्या. तुमच्याकडे पीआरजी आहेत की नुसत्या एफएक्सपी आणि ईएक्सई, म्हणजे कोडापासून तयार झालेल्या चालणाऱ्या फाइली? मूळ कोड नसेल तर वरचं बरंच गणित बदलतं. एफएक्सपीतून कोड परत काढता येतो, पण कॉमेंट येत नाहीत, आणि ज्या कॉमेंट्स होत्या त्याच तुम्हाला हव्या होत्या. आहेत त्या पीआरजी चालणाऱ्या ईएक्सईच्याच आहेत का, हेही पाहा. मी तीनदा असं बघितलंय की फोल्डरमधला कोड एका वर्षाचा आणि चालणारा ईएक्सई दुसऱ्या वर्षाचा.

आणि घाई किती आहे? फॉक्सप्रो २.६ डॉसवाला भाग ६४ बिट विंडोजवर चालत नाही, त्यासाठी तुम्ही जुनी मशिनं किंवा डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सांभाळत असाल. ती घाई खरी आहे. पण व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मधले प्रोग्रॅम आजच्या विंडोजवरही चालतात. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्येच पुढची आवृत्ती येणार नाही सांगितलं आणि जानेवारी २०१५ मध्ये आधार पूर्ण थांबवला, म्हणून ते काही त्या दिवशी बंद पडलं नाही. त्यामुळे तिसरा, कुणीच न विकणारा पर्याय: डॉसचा भाग आधी व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मध्ये आणा, बऱ्याच आज्ञा तशाच चालतात, आणि डेटा डीबीएफमधून काढून एसक्यूएलवर ठेवा. डीबीएफला दोन जीबीची मर्यादा आहे आणि लाइट गेली की इंडेक्स बिघडतो, ते दोन्ही त्रास तिथे संपतात. यानं दोन-तीन हंगाम मिळतात. तोवर एकेक भाग शांतपणे बाहेर काढा. मंडळाला यात उद्घाटनाची फीत कापता येत नाही, एवढाच तोटा.

"आता एआयला दिलं की तेच उतरवून देतं" असं कुणीतरी बैठकीत म्हणणारच. मी वापरतो. जुनी पाचशे ओळींची पीआरजी देऊन "यात काय चाललंय ते मराठीत सांग" म्हटलं तर ते दिवसाचं काम तासात करतं, आणि फरक काढणाऱ्या स्क्रिप्टा लिहायलाही चांगलं आहे. पण पुलाची गोष्ट त्यालाही माहीत नाही, आणि कोड नीटनेटका करण्याची खोड त्याला आमच्या पोरांपेक्षा जास्त आहे. उत्तरपत्रिका असेल तर वापरा, नसेल तर जपून. सभासदांची खरी नावं आणि बँक खाती मात्र त्याला देऊ नका.

एकाच दिवशी सगळं बदलायचं कबूल करू नका, कुणी कितीही सांगो. २०१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एका शनिवार-रविवारात सगळे ग्राहक नव्या प्रणालीवर नेले; १९ लाखांपर्यंत लोकांना आपलं खातं उघडता येईना, आणि पुढे बँकेला जवळजवळ पाच कोटी पौंडांचा दंड झाला. तुमच्याकडे नैसर्गिक फट आहे, गाळप बंद झाल्यापासून पुढच्या हंगामापर्यंतची. स्टोअरपासून सुरुवात करा, तिथे चूक झाली तर बोल्टच कमी-जास्त होतात. मग ठेवी. वाहतूक आणि ऊस बिल सर्वांत शेवटी, आणि तेही पहिला हंगाम जुनं-नवं शेजारी शेजारी चालवून.

पुरवठादारांना बैठकीला बोलवाल तेव्हा सादरीकरण नको म्हणा. दोघांनाही तुमची सगळ्यात घाणेरडी पीआरजी द्या, बहुधा ती ऊस बिलाच्या कपातीची असेल, आणि मागच्या हंगामाचा एक पंधरवडा द्या. तीन आठवडे. पैसे द्या त्याचे, फुकट करून मागू नका. कोण किती जुळवून आणतो, आणि त्याहून महत्त्वाचं, न जुळलेल्या नोंदींबद्दल कोण काय प्रश्न विचारतो, ते बघा. उतरवलेला कोड तुमच्या ईडीपीतल्या माणसाला वाचायला द्या. लायब्ररीचा सोर्स तुमच्याकडे राहील का, हे करारात लिहून घ्या.

आणि त्याच्याही आधी, या आठवड्यात: त्या दोन निवृत्त माणसांना फोन करा. कोड समजावून सांगा म्हणू नका, ते म्हणतील आता काही आठवत नाही. कपातीची पीआरजी छापून, १३२ कॉलमच्या कागदावर, त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि लाल पेन द्या. ओळ डोळ्यासमोर आली की त्यांना सगळं आठवतं. आम्ही त्या शेतकी अधिकाऱ्यांकडे बिल निघाल्यावर गेलो होतो. त्यांनी अट बघितली आणि म्हणाले, "अरे, हा तर पूल."